अनसूयाबाईंची पवारणा

"माह्यं म्हणणं दुर्गाबाईबद्दल हाये," शेवंताबाई थूल विहारात सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली आणि तिने पदर कमरेला खोचला.

तो पदर बघूनच मी ओळखलं, की आता या पौर्णिमेचं काही खरं नाही.

"आज एकमेकीचे दोष सांगायचे ना? मंग ऐका. मंडळाचा खिरीचा मोठा गंज हिनं नातवाच्या वाढदिवसाले नेला अन् बूड जाळून परत आणून ठेवला. घासलाबी नाही. खीर कशात करायची आता, हिच्या डोक्यात?"

दुर्गाबाई मून बसल्या जागेवरून उसळली. "अन् तू वो? वाचन चालू असलं का भिंतीले टेकून झोपते. घोरते! ते कोणाले ऐकू येत नाही काय?"

मग कुणाला धरबंध राहिला नाही. एकीने दुसरीच्या सुनेचं काढलं, दुसरीने तिसरीच्या फुलांचं काढलं, की वंदनेला रोज शिळी फुलं आणते. पांढऱ्या साड्या नेसून, हात जोडून आलेल्या बायका नळावरच्यासारख्या भांडायला लागल्या. सगळ्याजणी रात्रभर तयारी करून आल्या होत्या, हे उघड दिसत होतं. समोर आसनावर बसलेले म्हातारे भन्तेजी चीवराचं टोक तोंडाशी धरून हसू आवरत होते. आणि त्यांच्या बाजूला महिला मंडळाच्या अध्यक्षा, म्हणजे माझ्या सासूबाई अनसूयाबाई नगराळे, लालबुंद होऊन बसल्या होत्या. कारण ही कल्पना त्यांची होती.

त्याचं असं झालं होतं. आमच्या वरोऱ्याच्या वस्तीत वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन चालायचं. वाचायच्या आई. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आईच म्हणायचो. त्या वर्षी भन्तेजी मुक्कामाला होते. आश्विन पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पवारणेबद्दल सांगितलं. पावसाळाभर एकत्र राहिलेले भिक्खू निघण्यापूर्वी एकमेकांसमोर उकिडवे बसतात आणि हात जोडून विनंती करतात, की माझं काही चुकलेलं कुणी पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका जरी आली असेल, तरी मला सांगा. हे ऐकून आई भारावून गेल्या. "आमच्या मंडळातही करू," म्हणाल्या. बायकांनी फक्त 'चुकलेलं सांगायचं' तेवढं लक्षात ठेवलं.

शेवटी भन्तेजींनी हात वर केला. "बायांनो, पवारणेत सांगायचं नसतं. विचारायचं असतं. ज्याने त्याने आपल्यापुरतं. माझं काय चुकलं ते सांगा, असं मी विचारणार. मग तुम्ही सांगायचं, तेही मायेनं. आणि सगळ्यात मोठा असतो, तो सगळ्यात आधी विचारतो."

शेवंताबाईने थोडा विचार केला. "म्हंजे दुर्गीनं विचारलंच नाही, तर मले सांगताच येत नाही?"

"नाही."

"मंग काय उपयोग बाप्पा!" असं म्हणून ती खाली बसली.

घरी येताना बोळाच्या तोंडाशी आई थांबल्या आणि म्हणाल्या, "कुंदा, आपण घरी करू."

"काय करू?"

"पवारणा. आज दिवे लागल्यावर. घरचे सगळे हायेत."

आता सुटका नव्हती. कारण मी आईंना ओळखून होते. ऐकलेलं घरात वापरून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाकीच्या बायका विहारातलं विहारात ठेवून येत. आई सगळं पदरात बांधून घरी आणत. एकदा सगळ्या प्राण्यांवर मैत्री करायची असं ऐकून आल्या. शेजारच्या बकरीने आमचा कढीपत्ता बुडासकट खाल्ला होता. आई तिच्यासमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "मालकिणीवर जमली. बकरीवर जमून नाही राहिली." एका वर्षी जेवताना न बोलण्याचा नियम आला, तेव्हा माझे सासरे मीठ मागायला चिमूट हवेत हलवायचे आणि त्यांच्या पानात नेमकी साखर पडायची. माझ्या हातून आंब्याच्या लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा आईंनी तोंड उघडलं, मिटलं, परसात गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या, "फुटणारच होती कधी ना कधी. उन्हाळ्यापर्यंत टिकली असती त बरं झालं असतं, एवढंच."

आम्ही हसायचो. मी तर माहेरी नागपूरला गेले की आईंच्या नकला करून दाखवायचे. पण मनातून मला त्यांचं फार कौतुक होतं. चूल, भांडी, बकरी, नवरा, सुना, यांच्यात राहून चांगलं वागायची अशी धडपड करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नव्हतं.

आणि त्यांची थोरवी सांगणारी एक गोष्ट अख्ख्या वस्तीला पाठ होती. त्यांचा थोरला मुलगा प्रभाकर लग्नानंतर दोनेक वर्षांतच ट्रकच्या अपघातात गेला. त्याची बायको रत्नमाला, मांडीवर तान्ही पोर. नातेवाईक म्हणाले, तिला माहेरी पोचवा. आई म्हणाल्या, "ही माह्यी लेक हाये. लेक कुठं जाते काय?" त्यांनी रत्नाला नर्सचं ट्रेनिंग घ्यायला लावलं, ती शिकत होती तोवर नातीला, मितूला, स्वतः वाढवलं. रत्ना सरकारी दवाखान्यात नोकरीला लागली ती आईंच्या जिद्दीमुळे. यातला शब्दन् शब्द खरा होता.

फक्त तो शब्दन् शब्द आई सगळ्यांना सांगायच्या. मंडळात सांगायच्या, पाहुण्यांना सांगायच्या, दारावर आलेल्या बोहारणीला सांगायच्या. "सून नाही म्हणत मी तिले. लेकीसारखी ठेवली." त्या वेळी रत्ना बहुधा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची. ऐकणारे 'धन्य आहात हो' म्हणत आणि मग रत्नाकडे बघत. रत्ना मान खाली घालायची.

त्या दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात खिरीचे तांदूळ निवडत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी विहारात वर्षावास समाप्तीचं भोजनदान होतं. मी तिला विहारातल्या भांडणाची नक्कल करून दाखवली, पण ती हसली नाही.

"दिलीपची बदली झाली," ती एकदम म्हणाली. "गडचिरोलीला. परवा निघतोय."

दिलीप ताकसांडे तिच्या दवाखान्यात लॅबमध्ये होता. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. तो आणि रत्ना एकमेकांना आवडतात हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

"मग?"

"उद्यापर्यंत उत्तर दे म्हणतो. नाही असलं तर नाही सांग, मी परत विचारणार नाही, असं म्हणाला." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "रागावून नाही म्हणाला. खूप वाट पाहिली गं त्याने."

"तुला काय वाटतं?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मितूला सायकलवर बसवून फिरवतो. ती मला विचारते, हा काका आपल्याकडे का राहत नाही?"

"मग हो म्हण ना बाई. आईंचा विरोध असेल का? त्या तर भाषणात सांगतात, विधवांनी लग्न करावं म्हणून."

"भाषणात सांगतात." रत्ना माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. "पण मी कसं सांगू? कुंदा, आईंनी मला छळलं असतं ना, तर मी कधीच गेले असते. अशा सासूला सोडून कोण जातं? उपकार विसरली म्हणून वस्ती माझ्या तोंडावर थुंकेल. आणि मितूला घेऊन गेले, तर यांच्याजवळ दादांचं उरतं काय?" प्रभाकरला ती दादाच म्हणायची, सगळ्यांसारखं.

"आज संध्याकाळी त्या विचारणार आहेत. सांगून टाक."

"त्या दोष विचारणार. काय दोष सांगू? मला सांभाळलंत, हा?"

आम्ही तांदूळ निवडत राहिलो.

दिवे लागले. आईंनी पुढच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, सतरंजी अंथरली. मितूला दुर्गाबाईच्या नातवाबरोबर खेळायला पाठवलं. बाबूजी, म्हणजे माझे सासरे, कोळशाच्या खाणीतली पहिली पाळी करून आलेले, डोळ्यांवर झापड. माझा नवरा सुधाकर पेपर घडी करून ठेवायला तयार नव्हता. वयाने बाबूजी मोठे होते. पण घरात मोठं कोण, असं कुणी विचारलं तर ते स्वतःच आईंकडे बोट दाखवत. म्हणून आई आधी.

त्या आमच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"अवो, पाट घे ना," बाबूजी म्हणाले. "गुडघे दुखतीन तुह्ये."

"नाही. असंच बसतेत." त्यांनी हात जोडले. "आता ऐका. मी विचारीन, तुमी सांगायचं. मी काही उत्तर देणार नाही. काहून केलं, कसं केलं, काही सांगणार नाही. फक्त ऐकलं म्हणीन. तुमी माह्यं काही चुकीचं पाह्यलं असंल, ऐकलं असंल, शंका आली असंल, त मले सांगा. तुमी आधी."

बाबूजींची झोप उडाली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पळायला वाट नव्हती. "मी बोलून राहिलो का तू मंधातच बोलते," ते म्हणाले. "माह्यं बोलणं तूच पुरं करते. अन् कधी कधी मले जे म्हणायचंच नसते…"

"ते तुमी अडकता म्हणून…" आई थांबल्या. जीभ चावली. "ऐकलं."

बाबूजी एवढे खूश झाले की मांडी घालून सरसावून बसले.

सुधाकर म्हणाला, "तुझं काही चुकत नाही, आई."

"हे नाही विचारलं."

"बरं. मी कामावरून आलो, की चपला काढायच्या आत तू दिवसभराचं सगळं सांगायला लागतेस. जरा पाणी पिऊ देत जा."

"ऐकलं. कुंदा?"

मी हे लग्न झाल्यापासून पोटात ठेवलं होतं. "मी घडी केलेले कपडे तुम्ही उलगडता आणि परत घड्या करता."

आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाटेवरच्या कपड्यांकडे. तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "ऐकलं."

सगळ्यांना हसू फुटलं. मलाही मजा वाटायला लागली होती. मग आई रत्नाकडे वळल्या.

"काही नाही, आई," रत्ना म्हणाली.

"विचार कर."

"खरंच काही नाही."

आईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांना हेच उत्तर हवं होतं, हे लहान पोरालाही कळलं असतं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठायला लागल्या आणि बाबूजींना म्हणाल्या, "पाहा. लेकीले आईचे दोष दिसत नाहीत."

"आहे एक," रत्ना म्हणाली.

आई अर्ध्या उठलेल्या पुन्हा खाली बसल्या.

"तुम्ही मला लेकीसारखं ठेवलं, हे सांगत जाऊ नका."

रत्नाचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "कोणी आलं की तुम्ही सांगता, आणि मी तिथेच उभी असते. लोक माझ्याकडे बघतात. मग मी हसले तरी ते बघतात, नवी साडी नेसले तरी बघतात, की हिला जाण आहे की नाही. तुम्ही माझ्यासाठी केलं ते माझ्या आईनेही केलं नसतं. मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुम्ही मला विसरूच देत नाही, आई. या घरातून मला पाऊल बाहेर टाकता येत नाही."

"मी कुठं रोज…" आईंचा आवाज चढला. बाबूजींनी नुसतं बोट वर केलं. आई गप्प झाल्या.

मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, प्रभाकरच्या फोटोसमोर रडताना पाहिलं होतं. पण असं पाहिलं नव्हतं. सगळी वस्ती ज्यासाठी त्यांना मान द्यायची, ज्याच्या आधारावर त्यांनी मुलाच्या मरणानंतरची वर्षं काढली, तेच कुणीतरी काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ओठ हलत होते. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ किती होतं! रात्ररात्र तान्ही मितू खांद्यावर घेऊन फिरल्या होत्या त्या. उकिडव्या बसल्यामुळे मांड्या थरथरत होत्या, पण मांडी घालून बसा म्हणायची आमची हिंमत झाली नाही.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ऐकलं."

विहारात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज मलाही जेमतेम ऐकू आला.

मला वाटलं, संपलं. रत्नाने आता उठावं आणि आत जावं. पण आईंनी जोडलेले हात सोडले नव्हते. त्या रत्नाकडेच बघत होत्या.

"बाहेर कुठं पाऊल टाकायचं हाये तुले?"

रत्नाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिने सगळं सांगितलं. दिलीपचं, बदलीचं, उद्यापर्यंतच्या उत्तराचं. सांगता सांगता ती रडायला लागली.

"ताकसांडे?" सुधाकर म्हणाला. "तो रक्त काढतो तो?" मी त्याला कोपर मारलं.

आईंनी फक्त एक विचारलं. "पोट्टी रडली त काय करते तो?"

"उचलून घेतो. ती गप्प होईपर्यंत काही बोलत नाही."

आईंनी मान हलवली. तेवढ्यात बाबूजी घाईघाईने म्हणाले, "लग्नाले माह्यी ना नाही बेटा. चांगलंच हाये. पण मितू इथंच राहीन ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "प्रभाकरचं तेवढंच हाये आमाले."

"हो वहिनी," सुधाकरही म्हणाला. "तिची शाळा इथे आहे. तुम्ही दोघं सुटीत येत जा."

रत्नाचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या शेजारी बसले होते, आणि मला कळलं की ही हो म्हणणार. एवढ्या उपकारांचं ओझं उतरवायला हिच्याजवळ दुसरं काही नाही, म्हणून ही आता पोटची पोर देऊन टाकणार. मला ओरडावंसं वाटलं.

"काहून इथं राहीन?" आई म्हणाल्या. "लेक आईजवळ राहते."

"अवो, पण…"

"तिची लेक हाये ती. माह्यी नात हाये. मी जाइन ना पाह्याले, गडचिरोलीले बस जाते." मग रत्नाला म्हणाल्या, "उद्या काहून? आजच सांगून ये त्याले. सुधाकर, जा हिच्यासंगं. पोट्टा तिकडं जीव मुठीत धरून बसला असंल."

एवढं बोलून त्या सतरंजीवर धपकन बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. रत्ना त्यांच्या गळ्यात पडली. त्या तिला ढकलत होत्या, "जा वो, जा आधी, मंग रडू," आणि सोडतही नव्हत्या. मीही रडले. बाबूजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी विहारात भोजनदानाआधी शेवंताबाईने माइक हातात घेतला. दरवर्षीप्रमाणे अध्यक्षांची ओळख करून द्यायची होती. "आपल्या अनसूयाबाई," तिने सुरुवात केली, "ज्यांनी आपल्या विधवा सुनेले पोटच्या लेकीसारखं…"

आईंनी तिच्या हातातला माइक काढून घेतला. "खीर थंडी होऊन राहिली, शेवंता. पंगत बसव."

हिवाळ्यात त्याच विहारात दिलीप आणि रत्नाचं लग्न लागलं. मोजकी माणसं होती. मितू सायकल हवी म्हणून हट्ट करत गडचिरोलीला गेली. बस सुटल्यावर आई स्टँडवरच्या बाकावर बसून राहिल्या. घरी चला म्हणायला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

आणि मग वस्तीत बोलणं सुरू झालं. एका सकाळी मी आणि आई नळावर पाणी भरत होतो. शेवंताबाईने येऊन नळाखाली कळशी लावली.

"काहो अनसूयाबाई, गेली म्हणते रत्नमाला? एवढं केलं तुमी तिचं, अन् उपकार विसरली ना शेवटी पोट्टी!"

"ती नाही विसरली," आई म्हणाल्या. "मीच म्हणलं जा."

"तुमी म्हणलं? नातीसकट?"

"हो. नातीसकट."

शेवंताबाईची कळशी भरून वाहायला लागली, तिचं लक्ष नव्हतं. "मंग इतके दिवस लेक लेक म्हणून सांगत होत्या, ते?"

"सांगत होती मी. आता नाही सांगत."

झालं. त्यानंतर रत्नाला कुणी कृतघ्न म्हटलं नाही, ते सगळं आईंवर आलं. सासूनेच घालवली. कंटाळली शेवटी. लेकीसारखी म्हणायची आणि नातीसकट घराबाहेर काढली, सगळा देखावा होता. विहारात आई आल्या की बायका बोलणं थांबवायच्या. पुढच्या वर्षावासाच्या आधी मंडळाची बैठक झाली आणि अध्यक्षपदी दुर्गाबाईची निवड झाली. वाचनही तिच्याकडे गेलं. दुर्गाबाई अडखळत वाचायची, जोडाक्षराशी थबकायची. आई समोर बसून शेवटपर्यंत ऐकायच्या. कुठे अडलं तरी त्यांनी एकदाही मधे शब्द घातला नाही.

रत्ना आणि दिलीप दर उन्हाळ्यात यायचे. मितू महिनाभर राहायची. जाताना रत्ना आईंना मिठी मारायची ती सुटता सुटत नसे. हे वस्ती बघत होती, तरी आपलं म्हणणं सोडायला कुणी तयार नव्हतं.

एक दिवस माझा संयम संपला. मंडळात कुणीतरी आईंसमोरच म्हणालं होतं, "घरात सून नांदवता येत नाही, अन् धम्म शिकवत होत्या आमाले." मी घरी येऊन पिशवी आपटली. आई मेथी निवडत होत्या.

"मी सांगणार आहे सगळ्यांना," मी म्हणाले. "त्या दिवशी काय झालं ते सगळं. तुम्ही काय ऐकून घेतलं, मितूचं काय म्हणालात. एकदा माइकवर उभी राहून सांगते, मग बघू कोण बोलतं ते."

"नको."

"का नको? खोटं आहे का ते? खरं सांगण्यात काय दोष आहे?"

आईंनी हातातली काडी बाजूला ठेवली.

"खरं त ते आधीचंही होतं, कुंदा. तू सांगितलं का लोक वाहवा करतीन. धन्य हो अनसूयाबाई म्हणतीन. अन् मले ते लय गोड लागते वो. किती गोड लागते, तुले माहीत नाही." त्या माझ्याकडे बघून हसल्या, जरा लाजल्यासारख्या. "मंग एक दिवस मीच सांगाले लागीन, नातीवर पाणी सोडलं म्हणून. अन् मितू तिथं उभी असंल, ट्रे घेऊन."

मी कुणाला सांगितलं नाही. बाबूजी गेले, शेवंताबाई गेली, मितूचं लग्न झालं, तरी मी तोंड उघडलं नाही. मागच्या हिवाळ्यात आईही गेल्या. शोकसभेत एकदोघी दबक्या आवाजात तेच जुनं बोलल्या, ते मी ऐकून घेतलं. आज सांगते आहे. आता कितीही वाहवा झाली, तरी ती त्यांना गोड लागायची नाही.